घरच्या घरी कोंबडखत : मुहूर्त, साहित्य आणि विधी

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. नवशिक्या म्हणजे कोण, तर मुंबईतली नोकरी संपवून कोकणातल्या घरी परतलेला, घर शाकारून झाल्यावर “आता परसात चार कोंबड्या हव्यातच” असं म्हणणारा गृहस्थ. चाराच्या सहा होतात, सोबत एक कोंबडा येतो आणि पहिल्या आठवड्यात अंड्यांचे फोटो झाडून सगळ्या नातेवाइकांना जातात. दुसऱ्या आठवड्यात पडवीत अनवाणी चालणं बंद होतं. मार्गदर्शिकेची गरज इथून पुढे लागते.

आधी हिशेब. अंगणात चरून पोट भरणारी गावरान कोंबडी वर्षाला साधारण 60-70 अंडी देते. अंडं 40-45 ग्रॅमचं धरलं तर वर्षाचं उत्पन्न तीन किलोच्या आत-बाहेर. तीच कोंबडी रोज 80 ते 100 ग्रॅम शीट टाकते, म्हणजे वर्षाला 30 किलोच्या घरात. वजनकाट्याला विचारलंत तर तुम्ही खताचा कारखाना विकत घेतला आहे आणि अंडी हा त्याचा जोडधंदा आहे. ही गोष्ट घरात कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायची, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मुहूर्त

पौष. लग्नकार्याला वर्ज्य असला तरी खताला उत्तम. पाऊस कधीच गेलेला असतो, आणि आंबा, फणस, काजू, साग, ऐन, किंजळ यांचा पातेरा पडायला लागलेला असतो तो थेट फाल्गुनापर्यंत पडत राहतो. पौषात रचलेला ढीग मृगापर्यंत तयार होतो. आषाढात रचलेला ढीग भाद्रपदापर्यंत शेजाऱ्याच्या विहिरीच्या दिशेने वाहून जातो, आणि त्याचं खत झालं की नाही हे शेजारी तुम्हाला सांगायला येतो.

पिसांचा मुहूर्त वेगळा. दिवस लहान व्हायला लागले की कोंबडी पिसं टाकते. मान उघडी पडते, शेपूट गळते, अंडी बंद होतात, आणि नवशिक्या घाबरून पशुवैद्यकीय दवाखान्यात धाव घेतो. तिला काही झालेलं नसतं. ती कपडे बदलत असते. दोन-तीन महिन्यांत नवी पिसं येतात. याखेरीज गटारीला, शिमग्याला आणि जावई मुक्कामाला आल्यावर पिसांची एकगठ्ठा आवक होते. कोंबडीच्या वजनाचा पाच ते सात टक्के हिस्सा पिसांचा असतो. काट्यावर हा आकडा किरकोळ वाटतो. अंगणात वारा सुटल्यावर वाटत नाही.

साहित्य

शीट, पिसं, पातेरा, पाणी, थोडी माती, पंधरा-वीस चिरे, एक झाप, दाताळं, पहार, आणि एक शेजारीण. शेजारीण का, ते पुढे येईल.

शीट नीट न्याहाळा. इतरांच्या अंगणात आपण ती चुकवून जातो. स्वतःच्या अंगणात वाकून बघायला हरकत नाही. काळपट-हिरव्या गोळीवर पांढरी टोपी असते. ती टोपी म्हणजे युरिक आम्ल. पक्ष्यांना वेगळी लघवी नसते, दोन्ही कामं एकदमच उरकलेली असतात. म्हणूनच या खतात जोर असतो: साधारण 3 टक्के नत्र, अडीच टक्क्यांच्या वर स्फुरद, दीडेक टक्का पालाश. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. गावातली माणसं “कोंबडीचं खत गरम पडतं” म्हणतात ते उगाच नाही. ओली शीट मिरचीच्या रोपाच्या बुंध्याशी टाकून पाहायची हौस असेल तर एकाच रोपावर भागवा. ते करपलं की पुढचा उतारा मन लावून वाचाल.

पिसाचं प्रकरण उलट. त्यात नत्र सुमारे 15 टक्के, पण ते तिजोरीत बंद. पीस म्हणजे केराटिन, म्हणजे आपले केस आणि नखं ज्याची असतात त्याच प्रकारचं प्रथिन. गंधकाच्या दुव्यांनी त्याच्या साखळ्या एकमेकींना अशा करकचून बांधलेल्या असतात की कुजवणाऱ्या जिवाणूंपैकी मोजक्यांनाच ते फोडता येतं. त्यात कोंबडी दिवसभर शेपटीच्या मुळाशी चोच लावून तिथलं तेल पिसांना चोळत असते. एक पीस घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. अळूच्या पानावर बसतो तसा तो गोल होऊन बसेल, हलवलं की घरंगळेल, पीस कोरडंच. आता अशी मूठभर नव्हे, गोणीभर पिसं ढिगात एका जागी ओतलीत तर काय होईल? काहीच होणार नाही. मृगाला ढीग उकलाल तेव्हा ती गादी जशीच्या तशी हाती येईल. हवं तर उशी शिवा.

पिसं जाळू मात्र नका. तोच गंधक धुरावाटे बाहेर येतो आणि जळक्या केसांचा वास तीन घरं ओलांडून जातो. ती घाटाच्या वळणावर गोणीत भरून फेकूही नका. ही पद्धत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की काही वळणं आता पाटीशिवाय ओळखता येतात.

आता पातेरा. या सगळ्या विधीत खरा यजमान तोच, आणि नवशिक्या नेमका त्याच्याच बाबतीत हात आखडता घेतो. शीट आणि पिसं म्हणजे नत्र; पातेरा म्हणजे कर्ब. ढिगात नत्राच्या एका भागाला कर्बाचे 25 ते 30 भाग लागतात. नुसत्या शिटेत हे प्रमाण दहाच्याही खाली असतं. मग एक घमेलं शिटेला पातेरा किती? चार ते पाच घमेली, तीही पायाने दाबून भरलेली. हे ऐकल्यावर नवशिक्या “एवढा?” म्हणतो, घरी जाऊन दोन घमेली टाकतो, आणि आठ दिवसांनी “वास येतो हो” म्हणून विचारायला येतो.

गंमत अशी की त्याच्याच अंगणात रोज संध्याकाळी पातेऱ्याला काडी लागलेली असते. तरव्याच्या जागेवर राब भाजणाऱ्या शेतकऱ्याचं एक वेळ समजू शकतं; त्याच्या भाजणीने तणाचं बी मरतं, राख रोपांना मिळते, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. पण ज्याच्याकडे भाताचा एक वाफाही नाही, तो कशासाठी जाळतो? तर अंगण स्वच्छ दिसावं म्हणून. कर्ब धुरावाटे घालवायचा, नत्राचा वास सहन करायचा आणि जूनमध्ये तालुक्याला जाऊन खताची पिशवी आणायची, असा हा स्वच्छतेचा खर्च आहे.

पातेरा चुरून घ्यावा. सागाचं पान अख्खं टाकू नये. त्याची पत्रावळ होते आणि पाणी वरूनच निघून जातं. वाटेवर पसरून आठ दिवस त्यावरून ये-जा केली की आपोआप चुरा होतो. भातगिरणीतलं तूस चालतं. ते कुजायला सावकाश, पण ढीग मोकळा ठेवतं. सुताराकडचा भुसा चालतो, प्लायवूडचा नको.

मांडणी

जागा निवडताना उतार, सावली आणि वारा बघा. विहीर ढिगाच्या खालच्या अंगाला असू नये. दुपारनंतर वारा समुद्रावरून आत, पूर्वेकडे वाहतो. त्या दिशेला कोणाचं स्वयंपाकघर आहे याची चौकशी ढीग रचण्यापूर्वी करावी. नंतर केली तर ती दिलगिरी ठरते.

खत कुजवण्याच्या विद्येचं एक मोठं पीठ आपल्या शेजारीच होतं. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला बसून जी पद्धत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते, आणि 1931 साली तिच्यावर जे पुस्तक निघालं त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचं नाव आहे. पुढे पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांड्यांनी भिंतींना भोकं ठेवलेलं विटांचं टाकं काढलं, तेच नाडेप. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. सहा कोंबड्यांच्या जिवावर ते भरायचं म्हटलं तर खत नातवाच्या मुंजीला तयार होईल. त्यातली भोकांची युक्ती तेवढी उचलावी. चिरे कोरडेच, मध्ये बोटभर फटी सोडून रचा. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच. याहून लहान ढीग तापत नाही, नुसता पडून राहतो.

साठवण दसऱ्यापासून करा, आणि तीही खुराड्यातच. कोंबड्या रात्री दांडीवर बसतात आणि दिवसभराच्या शिटेतली निम्मी तिथेच टाकतात. दांडीखाली वीतभर पातेरा पसरून ठेवावा, ओल दिसली की वरून आणखी टाकावा. पौषापर्यंत निम्मं मिश्रण कोंबड्यांनीच करून ठेवलेलं असतं आणि खुराडं खरवडण्याचं रोजचं काम वाचतं. माल कमी पडला तर शेजारच्या गोठ्यातलं पाटीभर शेण मागून आणा. कोकणात शेण मागण्यात कमीपणा नाही.

पिसं आदल्या रात्री भिजत घालायची. बादलीत पाणी, त्यात दोन ओंजळी शीट कालवून वर पिसं. ती तरंगणारच. वर दगड ठेवावा. दगड परसातला घ्यावा. पाट्यावरचा वरवंटा नेल्यास पुढची पायरी तुम्हाला एकट्यानेच, आणि बहुधा उपाशीपोटी, पार पाडावी लागेल. सकाळी पिसं लगदा होऊन बसलेली असतील. ती बोटांनी विस्कटून घ्या. हे काम हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून करायचं. शिटेत साल्मोनेलासारखे जंतू असतात आणि सुकलेल्या शिटेची धूळ छातीत जाते. यात विनोद काही नाही.

तळाशी काटक्या. त्यावर वीतभर पातेरा. त्यावर शिटेचा पातळ थर, मग विस्कटलेली पिसं अशी विरळ की खालचा थर दिसावा, वर मूठभर माती, पाण्याचा शिपका, पुन्हा पातेरा. पिसं ढिगाच्या पोटात, कडेला नाहीत. कडेची पिसं वारा वाळत घातलेल्या कपड्यांवर नेतो. शेवटचा थर पातेऱ्याचाच, जाड, आणि त्यावर झाप. पाणी किती? मधलं मूठभर घेऊन पिळा. बोटांच्या फटीत ओल चमकावी, एखाददुसरा थेंब सुटावा. धार लागली तर जास्त, मूठ उघडल्यावर गोळा लगेच फुटला तर कमी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहार ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसा, चहा पिऊन या, आणि उपसून तिचं टोक हातात धरा. धरवत नसेल तर अभिनंदन; आत 55 ते 65 अंश आहे. हात लावल्यावर नुसतंच कोमट लागलं तर शीट कमी आहे किंवा पाणी कमी आहे. 55 अंशांच्या वर ढीग तीन दिवस राहिला की त्या भागातले बहुतेक रोगजंतू मरतात. पण हे मधल्या भागाचं झालं. कडेचा माल थंडच असतो, म्हणून आठ-दहा दिवसांनी दाताळ्याने ढीग उलथून बाहेरचं आत घालायचं, पुन्हा तापू द्यायचं, पुन्हा उलथायचं. पहाटेच्या गारव्यात उलथलात तर वाफांचा लोट उठतो आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबून विचारतो. दुपारी उलथावं.

शेजारणीचं नाक

आता शेजारीण. थर्मामीटर, ओलावामापक वगैरे उपकरणं बाजारात मिळतात, पण कुंपणापलीकडच्या काकींच्या नाकाची बरोबरी त्यांना नाही. फक्त काकी काय म्हणतात ते शब्दशः लक्षात ठेवावं.

“काय हो, आज डोळे चुरचुरतायत.” हा अमोनिया. शीट जास्त झाली, पातेरा कमी. युरिक आम्लाचा अमोनिया होऊन तुमचं नत्र काकींच्या माजघरात चाललंय. ज्यासाठी एवढा खटाटोप केलात तेच फुकट वाटताय. त्याच दिवशी कोरडा पातेरा मिसळून ढीग उलथा.

“उंदीरबिंदीर मेलाय का तुमच्याकडे?” ही दुसरी तक्रार, आणि तिचा अर्थ वेगळा. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे ढिगाला हवा नाही. पाणी जास्त झालंय किंवा पिसांची गादी बसलीय. उपसा, मोकळा करा, काटक्या घाला. पिसांबरोबर आतडीही ढकलली असतील तर काकींचं निदान जवळजवळ बरोबर आहे.

काकी काहीच बोलल्या नाहीत आणि खिडकी बंद केली, तर दोन्ही चुका एकदम झाल्या आहेत. अशा वेळी आधी अर्धा डझन अंडी घेऊन जावं, मग दाताळं हाती घ्यावं.

तीन-चार महिन्यांनी कधीतरी त्या विचारतील, “तुमच्या बाजूला पाऊस शिंतडला काय? मातीचा वास येतोय.” पाऊस नसतो. ढिगातले अ‍ॅक्टिनोमायसीट जातीचे जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात, पहिल्या सरीच्या वासातला मोठा वाटा त्याचाच. खत होत आल्याची याहून चांगली पावती कुठली प्रयोगशाळा देणार नाही.

विघ्नं

पहिलं विघ्न खुद्द कोंबड्या. ढिगात अळ्या असतात हे त्यांना तुमच्याआधी कळतं. मग त्या चारी बाजूंनी उकरून तुमची थरांची मांडणी अंगणभर पसरतात. चिऱ्यांवर जाळी टाका. मात्र ढीग उलथायच्या दिवशी त्यांना मोकळं सोडा, कारण दुसरं विघ्न त्याच निस्तरतात.

ते म्हणजे गेंडा भुंगा. माडाचा कोवळा सुईचा कोंब पोखरणारा, नंतर उलगडलेल्या झावळीला कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण ठेवणारा. तो अंडी घालतो कुजणाऱ्या शेणा-पाचोळ्यात. म्हणजे माडाच्या बुंध्याशी सोय म्हणून रचलेला ढीग हे त्याचं बाळंतघर. ढीग उलथताना इंग्रजी ‘सी’च्या आकारात वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की बोटाने उचलून कोंबड्यांपुढे टाका. ढीग तापलेला आणि वरचेवर उलथलेला असेल तर त्या फारशा सापडत नाहीत; विसरलेल्या उकिरड्यात ओंजळभर सापडतात. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, पण तोवर आजूबाजूचे माड उरायला हवेत.

कुत्री आणि मुंगूस रक्ताच्या वासाने येतात, म्हणून डोकी, पाय, आतडी या ढिगात नकोत. तीच गोष्ट बाजारातल्या चिकन सेंटरची. पहिलं खत साधलं की नवशिक्याच्या डोक्यात येतं की तिथे पिसांची गोणी फुकट मिळते. मिळते, आणि द्यायला ते उत्सुकही असतात. त्या उत्सुकतेतच काय ते समजावं. सहा कोंबड्यांच्या ढिगाला सहा कोंबड्यांची पिसं पुरे.

आणि एक सूचना मस्करीविना. कोंबड्या एकाएकी, एकीमागून एक मरायला लागल्या तर त्या, त्यांची पिसं किंवा शीट यांतलं काहीही ढिगात घालू नका, हात लावू नका. सरळ पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. 2006 साली देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरलाच निघाला होता.

उद्यापन

मृगाच्या आधी ढीग उकला. रंग काळपट, हाताला भुसभुशीत, पातेऱ्याचं पान ओळखू न येणारं. पिसांची लव गेलेली असते, पण मधल्या जाड नळ्या अधूनमधून दिसतील, पोकळ, पिवळट, बोटाने मोडणाऱ्या. चाळून त्या पुढच्या ढिगात टाका. त्यांची घाई करण्यात अर्थ नाही.

माडाला आणि केळीला घमेलंभर, बुंध्यापासून दोन-तीन हात सोडून आळ्यात. भेंडी, दोडकी, पडवळ यांना लावणीच्या वेळी ओंजळभर, मातीत मिसळून. मिरचीला मूठभर, वीतभर लांब. कच्च्या खाण्याच्या भाज्यांना, म्हणजे मुळा, कोथिंबीर, पालेभाजी यांना, ढीग नीट तापला होता याची खात्री नसेल तर खत घातल्यापासून काढणीपर्यंत 120 दिवस जायला हवेत. कोथिंबीर एवढी थांबत नाही, तेव्हा तिला हे खत नकोच. पहिलं घमेलं काकींच्या जास्वंदीला जावं. हा विधीचा भाग आहे, टाळता येणार नाही.

ज्यांच्याकडे कोंबड्या नाहीत आणि हे वाचता वाचता ज्यांनी पातेऱ्याला काडी लावलेली आहे, त्यांना एवढंच सांगणं: ती विझवा. पातेरा गोणीत दाबून भरा आणि गावात ज्याच्याकडे खुराडं असेल त्याच्या दारात नेऊन ठेवा. तो नाही म्हणणार नाही. गोणी तेवढी आठवणीने परत मागून घ्या.